कोंबडीच्या दारावर

आमच्या गल्लीत कुणी माझी चौकशी केली की माझा मुलगा सांगतो, "आई रडायला गेलीय. कुणाचं तरी कुत्रं गेलं म्हणे." तो हे चेष्टेत सांगतो आणि मी ते चेष्टेतच घेते, पण त्यात खोटं काही नाही. नंदुरबारात जनावरांचा एक दवाखाना आहे, तिथली डॉक्टर माझ्या नातीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. तिच्याकडे कुणाचं मांजर, कुत्रं, शेळी दगावली की ती मला त्या घरचा पत्ता कळवते आणि मी एक-दोन दिवसांत तिथे जाऊन बसते. सल्ला देत नाही. म्हणजे द्यायचा नाही असं ठरलंय.

हे सुरू झालं ते नातीच्या मांजरामुळे. मांजर टेबलावर होतं, नात आत होती, मी बाहेर बाकावर. शेजारी गाद्या भरणारे एक चाचा बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलात त्यांचं मेलेलं कुत्रं. दोन तास झाले तरी उठत नव्हते. डॉक्टरला पुढचे पेशंट बघायचे होते आणि चाचांना उठा म्हणायची तिची छाती होत नव्हती. मी सवयीने विचारलं, "कसं झालं, चाचा?" ते बोलायला लागले. कुत्रं दुकानात कसं आलं, कापसाच्या ढिगावर झोपायचं म्हणून कितीदा मार खाल्ला, परवा खाणं कसं सोडलं, आज सकाळी रिक्षात त्यांच्याकडे कसं बघितलं. तासभर सांगितलं, टॉवेल नीट गुंडाळला आणि उठून गेले.

"आजी, तुम्ही काय केलंत?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही. दारावर बसले."

आमच्या खानदेशात माणूस गेलं की लोक दारावर जातात. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते. बायका डोक्यावर पदर घेऊन येतात, गळ्यात पडून रडणं होतं, मग कुणीतरी विचारतं, "कसं झालं?" कसं झालं ते गावभर माहीत असतं. तरी विचारायचं आणि घरच्या बाईने पहिल्यापासून सांगायचं, की सकाळी चहा घेतला, मग म्हणाले छातीत दुखतंय. दुसरी चार माणसं आली की पुन्हा पहिल्यापासून. तरुणपणी मला हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा. मी बी.ए. बी.एड. होते. एकच गोष्ट दहादा सांगून माणूस परत येतो का, असं मी विचारायची. उत्तराची वाट न बघता विचारायची, ते वेगळं.

डॉक्टरने उत्साहाने दवाखान्यात पाटी लावली, 'शोकसमुपदेशन'. मी म्हटलं, पोरी, हा शब्द वाचूनच माणसाचं रडू आटेल. पाटी उतरवली. तरी बातमी पसरलीच. मला फोन येतात, "कुत्रास्ना दारवर येणारी बाई तुम्हीच शेतस का?" मी म्हणते, हां, मीच. आयुष्यभर शाळेत पोरांच्या तोंडून अहिराणी 'शे' काढून 'आहे' घालत आले, आता म्हातारपणी त्याच 'शे'ला हुंकार देत बसते.

हे काम जिच्या हातात कधी द्यायला नको होतं अशी एक बाई मला माहीत आहे. चोवीस वर्षांची, शहाद्याजवळच्या एका गावात नवीनच सून म्हणून आलेली, नाकावर चष्मा, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागलेली. तिच्या सासूकडे एक कुत्री होती. म्हातारी, एका डोळ्याने अधू, दिवसभर सासूच्या मागे मागे. सासू शेतात गेली की ही शेतात, सासू देवळात गेली की ही पायरीवर. एके दिवशी सासू कुणाच्या तरी दारावर परगावी गेली आणि त्याच दुपारी कुत्री ओसरीवर मेली. आमच्या शिकलेल्या सूनबाईंनी काय केलं? सालदार गड्याला सांगितलं, नाल्यात टाकून ये. उन्हाचे दिवस आहेत, वास सुटेल. वास सुटला नव्हता. कुत्री अजून गरम होती.

सासू संध्याकाळी एस.टी.ने आली. मी सांगितलं. ती तिथेच ओसरीवर टेकली आणि एवढंच म्हणाली, "मीठ तरी टाकं का व?"

आमच्याकडे घरचं जनावर पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात. कुत्र्याला कुणी खड्डा खणतं हेच मला नवीन. मी हसले. सासू आत गेली, बरणीतलं खडेमीठ ओच्यात घेतलं आणि एकटी नाल्याकडे गेली. अर्ध्या तासाने परत आली. नाल्यावर गावची कुत्री असतात, तिथे काय उरलं होतं, तिने सांगितलं नाही. ओच्यातलं मीठ तिने पुन्हा बरणीत ओतलं. आणि मी, बी.ए. बी.एड., म्हणाले, "चला, मीठ वाचलं."

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत हा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे हसले. घरी पुढचा महिनाभर आम्ही त्याच बरणीतलं मीठ खात होतो. सासूने त्यावर पुढे कधी शब्द काढला नाही. नंतर तिने कुत्रंही पाळलं नाही.

ही बाई आता लोकांच्या घरी जाऊन त्यांना धीर देते. हसू आलं तर हसा. मलाही येतं.

डॉक्टर महिन्यातून एकदा नवापूरच्या बाजूला शेळ्यांच्या तपासणीला जाते. मी तिच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जाते, डबा माझ्याकडे असतो. तिकडे पोल्ट्र्या खूप, लांबलचक जाळ्यांच्या शेड. एका वर्षी तिथे बर्ड फ्लू आला होता. पोल्ट्र्यांमधल्या कोंबड्या मारल्या, मग ठरलेल्या अंतरातल्या घरोघरच्याही मारल्या. पांढरे डगले घातलेली माणसं दारोदार फिरली. त्यांचंही काही चुकलं म्हणता येत नाही. रोग होता, दुसरा उपाय नव्हता.

हे होऊन चार महिने झाले होते. एका पाड्यावर तपासणी चालू असताना एक तरुण बाई शेळी घेऊन आली. डॉक्टरने शेळी बघितली आणि म्हणाली, हिला काही झालेलं नाही.

"शेळी ठीकच आहे," ती म्हणाली. "सासूसाठी काही औषध असेल तर बघा."

सासू पोल्ट्रीत अंडी वेचायला जायची. चार वर्षांपूर्वी तिथे एक पिल्लू वाकड्या पायाचं निघालं. असलं पिल्लू बाजूला काढतात, ते जगवत नाहीत. तिने ते पदरात घालून घरी आणलं. त्याची कोंबडी झाली. लंगडत घरभर फिरायची, ताटातलं खायची, हाक मारली की यायची. तिला नाव होतं. ते मला सांगितलं गेलं, पण इथे लिहीत नाही. कोंबड्या मारायला माणसं आली तेव्हा सून माहेरी होती. परत आली तर सासू म्हणाली, नेली त्यांनी. तेव्हापासून सासू धड जेवत नव्हती. पोल्ट्री पुन्हा सुरू झाली तरी कामाला गेली नाही. आणि घरातल्या कणगीला हात लावू देत नव्हती. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली उंच कोठी. तिच्यात वर्षभराची साळ भरलेली होती.

"घरचा भात घरात पडलाय आणि आम्ही राशनचा तांदूळ खातो," सून म्हणाली. "माझा नवरा एकदा झाकण काढायला गेला तर ती त्याच्या हाताला चावली. माझी सासू कधी कुणावर ओरडलेली नाही, बाई. ती झिजत चाललीय. पावसाळ्यापर्यंत राहते का नाही, मला वाटत नाही."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी डोक्यावर पदर घेतला.

सासू पन्नाशीची होती, दिसत होती सत्तरीची. घरात ते कोकणी, म्हणजे तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली बोलत, माझ्याशी ती मराठीत बोलली, म्हणजे जेवढं बोलली तेवढं. मी जमिनीवर बसले. आणि इथे मी ती चूक केली, जी खानदेशातली कुठलीही न शिकलेली म्हातारी करणार नाही. मी 'कसं झालं' विचारलंच नाही. कसं झालं ते आख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं, मग काय विचारायचं? त्याऐवजी मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. दोन वर्षांत ते माझ्या तोंडात चांगलं बसलं होतं.

"तुमचा काय दोष? सरकारी माणसं आली आणि घेऊन गेली. तुम्ही काय करणार होता?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली, हंडा घेतला आणि पाण्याला गेली. मी तासभर बसले. ती आली नाही. परतताना गाडीत मी डॉक्टरला म्हणाले, "थोडी मोकळी झाली असं वाटतं." चोवीस वर्षांची बाई कुठे गेली नव्हती. फक्त तिचे केस पांढरे झाले होते.

पुढच्या महिन्यात मी स्वतःहून म्हणाले, मला त्या घरी सोड. सून शेळ्यांकडे गेलेली होती. सासू दारातच बसली होती, आणखी वाळलेली. तिने मला हाकललं नाही. पाहुणं आलं म्हणून आत गेली, कैरीच्या फोडी आणि पानावर मीठ आणून पुढे ठेवलं. मग दोघी बसलो. मी ते मीठ बघत होते. माझ्या तोंडून ती गोष्ट का बाहेर पडली ते मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्यालाही मी ती कधी सांगितली नव्हती. शाळेत सांगितली होती, पण ती हसायला. हिला मी जशी झाली तशी सांगितली. कुत्री, नाला, ओच्यातलं मीठ, आणि मीठ वाचलं म्हणाले ते.

ती ऐकत होती. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतं.

"सासू आहे तुझी?"

"नाही. वीस वर्षं झाली."

"तिला सांगितलं तू, चुकलं म्हणून?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"वाईट केलं तू," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अहो, लहान होता तुम्ही तेव्हा. मी स्वतःही लोकांना तेच म्हणत आले. हिने ते म्हटलं नाही. मी मान हलवली. कैरीची फोड हातात तशीच होती.

मग ती म्हणाली, "मी पण मीठ टाकलं नाही. घरात होतं. काढलं असतं तर सुनेला कमी दिसलं असतं."

मी मान हलवतच राहिले. माझं डोकं चालायला वेळ लागतो.

"कुठे?" मी विचारलं.

"लिंबाखाली."

"पण तुझी तर त्यांनी नेली ना?"

तिने मान वळवली. कोपऱ्यातल्या कणगीकडे बघत होती. तेव्हा मी पदर सारखा केला आणि विचारलं, "कसं झालं?"

तिने पहिल्यापासून सांगितलं. माणसं पाड्यात शिरली तसा लोकांचा आवाज आला. ती घरात एकटी. कोंबडी नेहमी कणगीच्या झाकणावर झोपायची, तिथेच होती. तिने झाकण उचललं, कोंबडीला आत साळीवर ठेवलं, झाकण लावलं. ओरडली तर ऐकू जाईल म्हणून वर गोधडी टाकली, गोधडीवर दुसरी गोधडी. तिचा हिशेब पाच मिनिटांचा होता. माणसं दारात येतील, नाही म्हटलं की पुढे जातील.

माणसं दारात आली. त्यांच्यातल्या एकाने तोंडावरचं काढलं तर तो तिच्या माहेरच्या गावचा निघाला, तिच्या भावाबरोबर वाढलेला.

"म्हणाला, बहीण, कोंबडी आहे का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, पाणी दे."

उन्हात सकाळपासून त्या डगल्यात फिरत होता. ओसरीत टेकला. माहेरचा माणूस दारात आला तर त्याला उठ कसं म्हणायचं? पाणी दिलं. त्याने तिच्या भावाची खुशाली सांगितली. मग हिने त्याच्या आईचं विचारायला पाहिजे, तिने विचारलं. आईचं गुडघ्याचं दुखणं त्याने सगळं सांगितलं. ही समोर उभी राहून हं, हं करत होती. कान मागे लागलेले. आधी आतून खसखस येत होती. मग येईनाशी झाली.

"मला वाटलं, शहाणी आहे. गप बसली." ती थांबली. "मी त्याला अजून एक तांब्या पाणी दिलं. त्याने मागितलं नव्हतं. त्याला संशय येऊ नये म्हणून दिलं."

तो गेल्यावर तिने झाकण काढलं.

रडायची सोय नव्हती. शेजारणींनी आपापल्या कोंबड्या दिल्या होत्या, कुणी पाच, कुणी सात. हिने लपवली हे कळलं असतं तर त्यांना काय तोंड दाखवणार? तिने परसात खड्डा खणला आणि पुरली. सुनेला सांगितलं, नेली. सुनेने लगेच म्हटलं, जाऊ दे, तुझा काय दोष. मग मुलाने म्हटलं. मग पाड्यातल्या सगळ्यांनी. मग मी, नंदुरबारहून गाडीत बसून येऊन.

"सगळे म्हणतात दोष नाही," ती म्हणाली. "तू पण म्हटलं. मी पाण्याला गेली तेव्हा विहिरीत बघत उभी होती."

मी म्हटलं, "तू तिला वाचवायला ठेवलीस आणि ती तुझ्या हातून मेली. दोन्ही खरं आहे."

"हो," ती म्हणाली. पाच महिन्यांत तिने ज्यावर हो म्हटलं असं ते पहिलंच असावं, कारण म्हटल्यावर तिला बसवेना. उठली, कणगीपाशी गेली आणि झाकणाला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात सून दारात आली. सासूचा हात झाकणावर बघून तिथेच थबकली. मी तिला बोटाने गप राहा म्हणाले.

झाकण निघालं. मीही वाकून बघितलं. न बघते तर बरं झालं असतं. साळ काठाच्या जरा खालपर्यंत भरलेली होती आणि एका बाजूला तिच्यात खोल खळगा होता. कोंबडीने उकरला होता. पायाने उकरत ती भिंतीपर्यंत गेली होती, त्या वाकड्या पायाने. पाच महिने कणगीला कुणी हात लावला नाही, म्हणून तो खळगा जसाच्या तसा होता. लिंपणाला ओरखडे होते. दोन तपकिरी पिसं.

त्या बाईने जो हंबरडा फोडला तो मी माणसांच्या दारावरही क्वचित ऐकलाय. सून धावली. शेजारणी धावत आल्या, कुणाचं काय झालं म्हणून. कणगीजवळ बसून तिने त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, त्यांच्या बोलीत. मला शब्द कळत नव्हते, पण कुठे पोचली ते कळत होतं. इथे गोधडी टाकली. इथे तो पाणी प्याला.

एक म्हातारी शेजारीण उभ्यानेच ऐकत होती. तिने काहीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. मी सुनेला विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, आम्ही सात दिल्या. आम्हाला लपवायचं सुचलं नाही का? आम्ही पोरंबाळं बघून दिल्या. तू आमच्याशी खोटं बोललीस."

मला वाटलं, ती आता निघून जाणार. ती गेली नाही. थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली, दुसऱ्या बायकांपासून जरा लांब, भिंतीला टेकून. माफ केलं वगैरे काही नव्हतं त्यात. तिच्या सात कोंबड्यांबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी सरकत तिच्याजवळ गेले. विचारलं. तिला मराठी येत नव्हती. सात बोटं दाखवली, मग एकेक बोट मिटत काहीतरी सांगत गेली आणि मी हुंकार देत गेले.

डॉक्टरची गाडी बाहेर हॉर्न देत होती. मी उठले तेव्हा सासू कणगीशेजारीच आडवी झाली होती, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून. साळ त्या दिवशी कुणी बाहेर काढली नाही.

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. मी पहिलं जेवणाचंच विचारलं.

"घरचा भात शिजवला कालपासून," ती म्हणाली. "पहिला घास तोंडात घेऊन खूप वेळ बसली. मग गिळला. आज दोनदा वाढून घेतला."

"आणि कणगी?"

"कणगीत ती हात घालत नाही. साळ मी काढते. मी काढायला लागले की ती बाहेर लिंबाकडे जाऊन उभी राहते. मी झाकण लावल्याशिवाय आत येत नाही."

"असू दे," मी म्हटलं. "तूच काढत जा."